सातवी गाडी

अरे भो, तो पेपर ठेव बाजूला आणि आधी हे ऐक. परवा रविवारी धुळ्याला आपल्या सुकदेवसोबत काय झालं, ते तुला कुणी सांगितलं नसणार. त्यानं कुणाला सांगितलंच नाहीये. मलासुद्धा काल सांगितलं, ते पण दोन कप चहा गार करून. आणि मध्येच 'काहीही काय' म्हणू नकोस. मी पण म्हणालो होतो. नंतर नाही म्हणालो.

सुकदेव म्हणजे आपला पिंप्राळ्याचा रे. जळगावात स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरला असतो, दुकानाचा टेंपोही तोच चालवतो. वेड एकच, जुन्या गाड्या. कुठं शो लागला रे लागला की हा एसटीत. नाशिक झालं, पुणं झालं, इंदूर झालं. बडोद्याहून येताना तर कांद्याच्या ट्रकमध्ये गोण्यांवर बसून आला, आणि पुढचे तीन दिवस बडोद्याच्या शोबद्दल कमी आणि त्या ट्रकच्या गिअरबॉक्सबद्दलच जास्त बोलत होता.

आणि त्याचा कान! दुकानासमोरून गाडी गेली की हा पाठमोरा उभा राहून सांगणार, "जीप. टायमिंग पुढं गेलंय. घाट चढायची नाही." संध्याकाळी तीच जीप दोरीला बांधून परत. मालक म्हणायचा, "तू पार्ट विकू नको बाबा, नाडी बघत जा गाड्यांची." सुकदेवला त्याचा काय अभिमान! आपला कान खोटं बोलत नाही, हे तो देवाची शपथ घेतल्यासारखं सांगायचा.

पण एक सल होता. अकरा शो बघितले, एकाही जुन्या गाडीत तो बसला नव्हता. सगळीकडे सुतळी बांधलेली, 'हात लावू नका'ची पाटी, आणि तू नुसता वाकलास तरी फडकं घेऊन धावत येणारा मालक. त्याला फार काही नको होतं. एकदा पुढच्या सीटवर बसायचं, कोपर खिडकीबाहेर, दोन्ही बाजूला लोक. एकदाच.

तर परवा धुळ्याला शो होता. बावीस गाड्या. डब्यात भरीत-भाकरी घेऊन हा सकाळी दहालाच मैदानावर. शो भरवला होता अमळनेरच्या रतिलालशेठनी. कापसाच्या जिनिंगवाले, साठीच्या पुढचे, पांढरा सफारी, त्याला एक सुरकुती नाही. त्यांची तेहेतीसची ऑस्टिन अगदी पुढं उभी, पितळेत तोंड दिसेल अशी. आणि शेठ माइकवर काय म्हणाले ठाऊक आहे? डोळ्यावर पट्टी बांधून नुसत्या आवाजावरून सहा गाड्या जो ओळखेल, तो तीन वाजताच्या मिरवणुकीत माझ्या शेजारी, पहिल्या गाडीत, पुढच्या सीटवर!

सुकदेवचे तर पायच जमिनीवर राहीनात.

नऊ जण उभे राहिले. आठ जण दुसऱ्या-तिसऱ्या गाडीतच गळाले. मग याचा नंबर. चिंधाआबा म्हणून म्हातारे मिस्त्री, शेठच्या सगळ्या गाड्या तेच बघतात, त्यांनी याच्या डोळ्यांवर पंचा आवळला आणि गाड्यांकडे पाठ करून उभं केलं.

पहिली सुरू झाली. "मॉरिस एट." बरोबर. "फोर्ड, व्ही-एट, कार्ब्युरेटर बदललाय." मालक ओरडला, "खरंय!" लोक टाळ्या पिटायला लागले. शेव्हरोले, हिलमन, फियाट. सहावी हँडल मारून सुरू केली, इंजिनानं अजून नीट पेटही घेतला नव्हता तोच हा म्हणतो, "ही शेठची ऑस्टिन." मैदान नुसतं दणाणलं! चिंधाआबा आपल्या अहिराणीत म्हणाले, "तुना कान शेतस का भोंगा रे भो!"

इथं पंचा सोडायचा होता. संपलं होतं. पण आपला सुकदेव, छाती दोन इंच फुगलेली. म्हणाला, "आबा, सातवीचं पण घ्या की. मला फसवताय होय?"

"कोनती सातवी? सहाच शेतस."

"ती काय, डावीकडं, लांब. डॉज आहे. सदतीसची. सहातला एक सिलिंडर सुटतोय. आणि ड्रायव्हरला सांगा, क्लचवरचा पाय काढ म्हणावं. बेअरिंग रडतंय. कधीपासून दाबून बसलाय तो?"

आधी लोक हसले. मग आबांनी पंचा सोडला आणि बोट दाखवलं. मैदानाच्या कडेला निंबाखाली एक काळी डॉज उभी होती. सुतळी बांधलेली. बायका तिच्यापुढं पोरांना उभं करून फोटो काढत होत्या.

"तिनामा इंजिनच नही शे," आबा म्हणाले. "सकायले ट्रॅक्टरघाई वढीसन आनी शे." ट्रॅक्टरनं ओढत आणलेली गाडी, भो!

एका पोलिसानं मजा म्हणून बॉनेट उचलून दाखवलं. आत काही नाही. रिकामा खोका, आणि खाली मैदानातलं वाळकं गवत. लोक अजूनच हसले. "एक जास्तीची ओळखली रे!" "घरी ने तिला!"

सुकदेव हसला नाही. कारण डोळे उघडे होते, दुपारचा बारा-साडेबाराचा लख्ख उजेड होता, ते बॉनेट उघडं होतं... आणि आवाज येतच होता. पाच ठोके, एक खाडा. पाच ठोके, एक खाडा. आणि त्याखाली ते बारीक रडणं.

हसत नव्हता असा तिथं आणखी एकच माणूस होता. रतिलालशेठ. त्यांच्या हातातला माइक खाली आला होता. त्यांनी याला खांद्याला धरून मंडपामागं नेलं.

"भाऊ, तुम्ही अमळनेरचे?"

"नाही, पिंप्राळ्याचा."

"ही डॉज कुणी सांगितली तुम्हाला? एक सिलिंडर सुटायचा, ते?"

"कुणी नाही. ऐकू आलं."

शेठ तिथल्या एका खुर्चीवर बसले. मग हळू आवाजात बोलायला लागले. सन पन्नासची, बेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. शेठ तेव्हा वीस वर्षांचे. वडिलांची, म्हणजे बापूंची डॉज, ड्रायव्हर देवचंद. वैशाखात दुपारी धुळीचं वादळ उठलं म्हणून देवचंदनं गाडी जिनच्या शेडमध्ये घेतली आणि दार ओढून घेतलं. त्या गाडीची खोड अशी, की तापलेली बंद केली तर तासभर सुरू व्हायची नाही. शेठना अमळनेर स्टेशन गाठायचं होतं. म्हणाले, "देवचंदभाऊ, बंद करू नका. क्लच दाबून गिअरमध्येच ठेवा. मी आलोच." आणि वरच्या मजल्यावर मित्रांचा पत्त्यांचा डाव बसला होता, तिथं टेकले.

"वादळ गेलं, तेव्हा आठवण आली," शेठ म्हणाले. "शेडमध्ये धूर कोंडला होता. देवचंद सीटवर ताठ बसलेला. एक हात गिअरवर, आणि पाय... दाबलेलाच. सोडवावा लागला. बापूंनी इंजिन काढून विहिरीवर लावायला देऊन टाकलं."

शेठ उठले आणि तडक निंबाखाली गेले. हा मागोमाग. शेठनी सुतळी वर केली, डॉजच्या खिडकीशी वाकले आणि एखाद्या जित्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "देवचंदभाऊ, बंद करा आता. मला नाही जायचं स्टेशनला."

मग याच्याकडे वळले. भो, एवढा मोठा माणूस, आणि डोळे असे, पोराला डॉक्टरकडे आणलेल्या बापासारखे.

"सांगा ना... झाली बंद?"

पाच ठोके, एक खाडा. पाच ठोके, एक खाडा.

तिकडे चिंधाआबा कुणाशी तरी वाद घालत होते, सातवी चुकली तर हा बाद की काय म्हणून. इकडे ऑस्टिनचं पुढचं दार उघडं, सीटवर लाल गादी. आणि समोर ते डोळे. सुकदेव म्हणाला, "झाली शेठ. आत्ताच झाली."

त्याच्या कानाचं आयुष्यातलं पहिलं खोटं. अर्धं शेठसाठी, अर्धं त्या गादीसाठी. हे त्यानंच मला सांगितलं, मी काही पदरचं सांगत नाहीये.

शेठनी मान हलवली. माइकवर जाहीर केलं: सहापैकी सहा. सीट सुकदेवभाऊंची.

तीन वाजता मिरवणूक निघाली. आणि काय सांगू तुला! पहिली गाडी, गळ्यात झेंडूचा हार, कोपर खिडकीबाहेर. आग्रा रोडवर दोन्ही बाजूंनी माणसांची भिंत. गच्चीवरून बाया हात हलवताहेत, कॉलेजची पोरं शिट्ट्या मारताहेत, मागं वीस गाड्यांचे भोंगे. ओळखीचा एक पार्टवाला गर्दीत दिसला, त्याचं तोंड उघडंच राहिलं. सुकदेवनं त्याला राजासारखा हात केला! मला सांगताना सुद्धा, एवढा घाबरलेला असून, त्याची मान इथं ताठ झाली होती.

अर्ध्या रस्त्यावर मागून आवाज यायला लागला.

मैदानावर सोडून आलेल्या गाडीचा. वीस गाड्यांच्या गोंगाटातून सुईसारखा तेवढाच वेगळा. आधी शेवटी होता. मग मधे. मग थेट मागं. हा वळून बघतो तर मागं मॉरिस, तिचा मालक हसून हात हलवतोय. आणि एकदम डोकं धरेल असा धुराचा कोंदट वास आला. उघड्या रस्त्यावर, उघड्या खिडकीतून, भो. बंद खोलीतला वास.

आणि मग आवाज डावीकडं आला. याच्या कोपराच्या बाजूला. जोडीनं चालायला लागला.

तिथं काही नव्हतं. पण सुकदेवला लोक दिसत होते ना... लोक मागं सरकत होते. टाळ्या वाजवत, ऑस्टिनकडेच बघत, हसत, आणि एकेक पाऊल मागं. बाया पोरांना दंडाला धरून मागं ओढत होत्या. एका म्हाताऱ्यानं सायकल मागं घेतली. कुणालाच कळत नव्हतं आपण का सरकतोय. एका गाडीपुरती जागा होत होती, आणि ती जागा यांच्याबरोबर पुढं पुढं येत होती.

यानं कोपर आत घेतलं.

"सुकदेवभाऊ," शेठ समोर बघतच म्हणाले, "बंद झाली होती ना?"

"हो शेठ... कधीच."

शेठ हसले. खरंच हसले, भो. म्हणाले, "बेचाळीस वर्षं ऐकतोय मी. मुंबईच्या डॉक्टरांनासुद्धा कान दाखवले. म्हणतात, वयाचं आहे. तुमच्या तोंडून ऐकलं तेव्हा वाटलं, चला, मी वेडा नाही. मग तुम्ही म्हणालात, बंद झाली." गिअर बदलला. "चांगल्या मनानं म्हणालात. पण देवचंद बिचारा अजून थांबलाच आहे ना."

मिरवणूक फिरून परत आली, मैदानाचं फाटक समोर दिसत होतं. कमान, बँड, हार घेतलेले लोक. शेठनी ऑस्टिन थांबवली.

"टेंपो चालवता ना तुम्ही? घ्या. फाटकापर्यंत न्या. ही सोपी आहे, पोरीसारखी."

"शेठ, नका... शेठ, ऐका माझं..."

ते उतरले. सफारी खाली ओढून नीट केला. बॉनेटसमोरून फिरून डावीकडं आले, त्या मोकळ्या जागेत. दाराचा खटका वाजला, ऑस्टिनचा नाही. आणि सुकदेवनं बघितलं, शेठनी पाय उचलला. सपाट रस्त्यावर पाय असा उचलला, जसा गाडीच्या पायरीवर ठेवतात. मग बाजूची गर्दी पुढं आली, आणि ती जागा भरून गेली.

ते बेअरिंगचं रडणं थांबलं होतं, क्लचवरचा पाय सुटला होता. गाडी निघाली होती. फाटकाकडं नाही, उलट्या दिशेनं, अमळनेर रोडच्या बाजूला. चढत्या गिअरमध्ये.

मागं वीस भोंगे. चिंधाआबा कमानीखालून ओरडताहेत, "चाल रे भो! काय हुभा ऱ्हायना!" बँड सुरू झाला. सुकदेवचा एक पाय दाराबाहेर होता. धावला असता तर... आवाज अजून ऐकू येत होता त्याला, दिशा कळत होती. त्या अख्ख्या रस्त्यावर ती फक्त त्यालाच कळत होती.

त्यानं पाय आत घेतला. स्टिअरिंगकडं सरकला. आणि तेहेतीसची ऑस्टिन, एकही हिसका न देता, त्यानं कमानीखालून आत नेली. फुलं पडली. बँडवाल्यांनी सलाम ठोकला. म्हणतो, "आयुष्यात एवढा अभिमान कधी वाटला नव्हता रे," आणि हे म्हणताना रडत होता.

शेठ अजून घरी आलेले नाहीत. आज तिसरा दिवस. पोलीस येऊन विचारून गेले, हा म्हणाला, "उतरले, गर्दीत गेले." डॉज तिथंच निंबाखाली आहे, सुतळी जशीच्या तशी. फक्त चिंधाआबा म्हणतात, बॉनेटखालचं वाळकं गवत तेवढंच काळं पडलंय, तेलानं.

आणि सुकदेव विचारतो, मी काय करायला पाहिजे होतं? तेच विचारायला तुझ्याकडं आलो. समोर कमान, हातात स्टिअरिंग, मागून अख्खं धुळं टाळ्या वाजवतंय, आणि तो आवाज लांब लांब चाललाय... खरं सांग भो. तू असतास तर काय केलं असतंस?