राजाच्या वाटेवरची शिट्टी

काम तसं किरकोळ होतं. नोव्हेंबर सरत आला होता, आज पाणी गोठणार असं रेडिओ सकाळपासून सांगत होता, आणि उत्तरेकडच्या कारंज्याच्या, माणूस शिरेल एवढ्या जाड नळाचा एक सांधा पाझरत होता. तो आजच बुजवायला हवा होता, नाहीतर बर्फ फुगून नळच उकलला असता. दुपारचं जेवण आटोपून आन्सेल्म लोरियो आणि त्याची मुलगी सोलेन हत्यारांची पिशवी घेऊन व्हर्सायच्या बागेत उतरली.

हौद कोरडे होते. पुतळ्यांवर हिवाळ्याच्या ताडपत्र्या बांधलेल्या होत्या. धुकं असं दाटलेलं, की पाठीमागचा एवढा मोठा राजवाडा कुणी पुसून टाकल्यासारखा नाहीसा झाला होता.

"तुम्ही धड जेवला नाहीत," सोलेन म्हणाली. "पाव तसाच, चीज तसंच."

"दाढ दुखते."

"दाढ कसली! मी नळात शिरणार म्हणून घाबरलात तुम्ही."

"अंगानं बारीक आहेस म्हणून तुला कामावर घेतलंय. तोंड पाहिलं असतं तर नसतं घेतलं."

ती हसली. आन्सेल्मला मात्र हसू आलं नाही.

जमिनीखालच्या खोलीत ओल्या दगडाचा आणि गंजाचा वास कोंडला होता. नळाचं झाकण काढून सोलेन डोक्याकडून आत सरकली आणि कपाळावरच्या दिव्याचा उजेड तिच्याबरोबर आत गेला. वरचं तळं पावसानं काठोकाठ भरलेलं होतं. ते पाणी आणि ही पोर यांच्यामध्ये फक्त एक झडप होती, आणि तिच्यावर छातीएवढी उंच, दोन दांड्यांची लोखंडी किल्ली. किल्ली डावीकडे फिरवली की झडप उघडायची, उजवीकडे फिरवली की बंद व्हायची.

किल्लीला साखळी घालावी, असं त्याच्या मनात आलं. पण इथल्या कारंजेवाल्यांनी साखळी कधी घातली नव्हती. चौदाव्या लुईच्या काळी सगळी कारंजी एकदम उडवण्याइतकं पाणीच नव्हतं. राजा फिरायला निघाला की वाटेवरचा माणूस शिट्टी घाली. पुढच्यानं पाणी सोडायचं आणि राजाची पाठ वळली की मागच्यानं तोडायचं. राजाला कोरडं कारंजं दिसता कामा नये. तेव्हापासून शिट्टी आली की किल्ली फिरलीच पाहिजे, तिला अडसर नको, हा रिवाज. आत कुणी शिरलं तर साखळीऐवजी भरवशाचा माणूस उभा करायचा.

आज तो माणूस आन्सेल्म होता. 'माझ्या हातांना शिट्टी कानांच्या आधी कळते,' असं तो मित्रांत मिरवत असे. आता ती बढाई आठवून त्यानं दोन्ही तळवे दांडीवर टेकवले.

आणि शिट्टी वाजली.

लांब, बारीक, कालव्याच्या बाजूनं. बागेत आज त्या दोघांखेरीज कामावर कुणी नव्हतं.

"सोलेन... तू वाजवलीस?"

"दातात पाना आहे, पपा," आतून घोगरा आवाज आला. "कशानं वाजवू? नाकानं?"

दुसरी शिट्टी जरा अलीकडून आली. मग तिसरी, आणखी जवळून. एकानं दुसऱ्याला द्यावी तशी ती धुक्यातून पुढे येत होती. खोलीत भलताच वास दरवळला. नारंगीच्या फुलांचा... आणि त्याच्याखाली न धुतलेल्या जड कपड्यांचा. डोक्यावर खडी करकरली. बरीच माणसं असावीत. एक काठी सावकाश टेकत आली, आणि बरोबर त्याच्या माथ्यावर येऊन थांबली.

वर नुसती वाट पाहणं चाललं होतं.

तळव्यांखाली किल्ली हलली.

आन्सेल्मनं दोन्ही हातांनी दांडी आवळली, पाय दगडात रोवले. किल्ली पुन्हा हलली. आत कुठेतरी पाण्यानं बारीक सुस्कारा सोडला.

"सोलेन, बाहेर ये."

"झालंच. शेवटचा बोल्ट—"

"पोरी, टाक ते सगळं! बाहेर ये..."

त्याच्या आवाजात काहीतरी होतं. ती मागे सरकू लागली. बूट दिसले, गुडघे दिसले. त्यानं डोळे मिटले आणि अंगातलं होतं नव्हतं तेवढं बळ दांडीवर घातलं. मग कुणीतरी त्याची कंबर धरून त्याला मागे खेचलं. सोलेनच होती. तो भिंतीवर आदळला. वरची काठी एकदा जोरानं आपटली आणि पावलं पुढे निघून गेली.

दोघं कशीबशी पायऱ्या चढून धुक्यात येऊन बसली. सोलेनच्या केसांत गंज होता. आन्सेल्मनं तिच्या खांद्यांना, चेहऱ्याला हात लावून पाहिला. कोरडी होती. जिवंत होती.

"पपा... तो म्हातारा कोण होता?"

"कुठला म्हातारा?"

"तुमच्यासमोर. दुसरी दांडी धरून उभा. चामड्याचा एप्रन घातलेला, घामानं निथळत होता बिचारा. मी दिवा वळवला तर... नव्हताच."

"तोच तर उघडत होता! मी अडवलं त्याला. जिवाच्या आकांतानं अडवलं, सोलेन."

तिनं मान हलवली.

"नाही, पपा," मग ती हलकेच म्हणाली. "तो किल्ली उजवीकडे फिरवत होता."

दूर, राजवाड्याच्या अंगाला, पुन्हा एक लांब शिट्टी वाजली.

"माझे हात धर," आन्सेल्म म्हणाला. "घट्ट धर..."

तिनं त्याचे दोन्ही हात आपल्या मुठींत घेतले. ते गार पडले होते. आणि तिच्या मुठींत, सावकाश, ते डावीकडे वळू लागले.