एका हाताची गाडी

जुनी गाडी घ्यायची तर आधी तिच्याखाली झोपावं, मग वर बसावं. शाळा माझी चौथीत सुटली, पण पुढची चाळीस वर्षं मी गाड्यांच्या पोटाखाली काढली, तेवढी अक्कल मला आहे. म्हणून नातीनं जुनी फोर-व्हील ड्राइव्ह घ्यायची म्हटल्यावर पहिल्यांदा काय-काय तपासायचं याची तिची मोबाइलमधली यादी खिशात ठेवायला लावली. तिला तंबू घेऊन डोंगरात राहायचंय. एकटीनं! गाडीनं दगा दिला तर हाकेला चिटपाखरू नाही. तेव्हा गाडी मी बघणार, असं बजावूनच निघालो.

दलालाच्या आवारात पोचलो तेव्हा टळटळीत दुपार. दोन गाड्या नवा रंग फासून नटवलेल्या. खालच्या सांगाड्याला, चासीला, स्क्रूड्रायव्हर टोचला, तो गंजातून आरपार. तिसरी कोपऱ्यात धूळ खात होती आणि भावही पोरीला झेपणारा.

"एका हाताची गाडी आहे, आजोबा," दलाल म्हणाला.

"सगळे दलाल हेच म्हणतात. पुढचं बोल."

एका हाताची म्हणजे एकाच मालकाची, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी खाली झोपलो. चासी खणखणीत, ऑइलचा थेंब नाही. आत दोन दांडे : मोठा गिअरचा, छोटा चारही चाकांना जोर देणारा. मोठ्याची मूठ झिजली होती, पण शेजारच्या सीटच्या बाजूनं. चालवणाऱ्याच्या बाजूनं कोरी. असली झीज मी जन्मात पाहिली नव्हती. असेल काहीतरी, म्हणून सोडून दिलं.

मागं बंद पडलेली दगडाची खाण होती. नात चाकांवर नजर ठेवायला चढाच्या वर जाऊन उभी राहिली आणि मी गाडी आत घातली. खाणीत वाऱ्याचा मागमूस नव्हता. ओल्या दगडाचा वास येत होता, आणि इंजिनाचा आवाज कपारीला लागून जरा उशिरानंच परत येत होता. चढावर खडी सरकली, चाकं जागच्या जागी फिरू लागली. मी क्लच दाबला, हात दांड्याकडे नेला...

गिअर आधीच पडला होता.

सवयीनं मीच टाकला असेल, म्हटलं. वय झालं. पुढच्या चढाला दोन्ही हात स्टीअरिंगवर आवळून धरले आणि नुसता क्लच दाबला. दांडा हळूच मागं आला आणि बसला. खर्रकन आवाज नाही, हिसका नाही. पाठोपाठ छोटा दांडाही. शेजारची सीट रिकामी, पण तिची गादी चार बोटं दबलेली. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू? पण इतका जाणता हात मी चाळीस वर्षांत पाहिला नव्हता, हेही खरं.

परत येऊन दलालाला बाजूला घेतलं.

"मालक कसा होता रे?"

"सांगितलं ना, एका हाताचा. डावा हात कोपरापासून नव्हता. गिअर बायको टाकायची."

"कुठंय ती?"

"ती आधी गेली." त्यानं आवाज खाली आणला. "मालक गेल्या महिन्यात. मधली तीन वर्षं तो... एकटाच चालवत होता."

तेवढ्यात नात आली. "काय म्हणता, आबा? घेऊ?"

मी विचार केला. पोर एकटी रानावनात जाणार. शेजारी अशी बाई असली तर वाईट काय? जिवंत असो नाहीतर मेलेली, गिअर नीट टाकणाऱ्याला मी भीत नाही.

"डोळे मिटून घे," म्हटलं.

परतताना ती चालवायला बसली. मी गुपचूप मागं बसलो, पुढची सीट मोकळी सोडून. गाडी लोण्यासारखी चालली होती. मी स्वतःवरच खूश. फाटा आला. घराचा रस्ता डावीकडे. नातीनं केस बांधायला दोन्ही हात मानेमागं नेले, आणि गाडी उजवीकडे वळली. संथपणे, रस्त्याच्या बरोबर मधून.

"अगं... घर तिकडं."

"इकडून जवळ पडतं, आबा."

"कुणी सांगितलं तुला?"

मी थट्टा करतोय अशा नजरेनं तिनं आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"आत्ता दोघं बोलले ना... झोपला होता का तुम्ही?"

मी टक्क जागा होतो. आणि तिचे दोन्ही हात अजून केसांतच होते.