मैदानाचा ताप

"ओ मॅडम! सँडल! सँडल काढा आधी!"

मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाकडून कुणीतरी माझ्यावर खेकसलं. मी मान वर केली. गळ्यात शिट्टी, डोक्यावर विटकी टोपी, आणि जणू मी त्याच्या पलंगावर चपला घालून चढलेय असा चेहरा... एक उंच माणूस तरातरा माझ्याकडे येत होता. शाळेचा खेळाचा शिक्षक असणार, दुसरं कोण!

"टाच रुततेय टर्फमध्ये," तो म्हणाला. "हे मैदान मिळवायला वर्षानुवर्षं हेलपाटे घातलेत मी. अनवाणी या, नाहीतर कडेला उभ्या राहा."

मी हातातली तापमान मोजायची बंदूक जमिनीवर रोखली आणि आलेला आकडा त्याच्या नाकासमोर धरला. "एकसष्ट! तुम्हीच उभं राहून दाखवा ना अनवाणी."

कुठल्याही शहाण्या माणसानं विषय तिथेच सोडला असता. यानं बूट काढले, मोजे काढले, मोजे बुटात कोंबले आणि हाताची घडी घालून उभा राहिला. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. फक्त... आधी डावा पाय वर गेला. मग उजवा. मग पुन्हा डावा.

"नाचताय का?"

"वॉर्म-अप," तो दात आवळून म्हणाला.

मला हसू आलं नाही. म्हणजे आलं, पण मी ते गिळलं. अशा माणसांना हसून दाखवलं की ती डोक्यावर बसतात.

मी शहराच्या नियोजन खात्यात काम करते. उपग्रहानं वरून टिपलेल्या प्रतिमांवरून कुठली जमीन किती तापते, याचा नकाशा करते. पत्र्याची छपरं, रस्ते, पार्किंग लाल. झाडी आणि तळी निळी. आणि त्यात हे एक हिरवंगार मैदान, डांबरापेक्षाही लाल! साहेबांनी त्यावर बोट ठेवलं होतं. "गवत कधी इतकं तापतं का? हिशेब चुकलाय तुमचा."

हिशेब चुकला नव्हता. गवत खोटं होतं, प्लास्टिकचं. पण ते सिद्ध करायचं तर उपग्रह डोक्यावरून जात असताना खाली उभं राहून मोजायला हवं. आणि उपग्रह म्हणजे टॅक्सी नव्हे, हात केला की थांबायला. तो आठवड्यानं येणार, भर सकाळी, आणि तेव्हा आकाश स्वच्छ हवं.

आठवड्यानं मी वेळेवर पोचले. आकाशात ढग. जाड, बिनकामाचे ढग. ढगाआडची जमीन उपग्रहाला दिसत नाही. मी नुसतीच ऊन-सावलीत पाय बदलत उभी राहिले.

"आला आणि ढग बघून परत गेला?" शिट्टीवाल्यानं आनंदानं विचारलं. "आणि काय हो, बातम्यांत छत्तीस सांगतात. तुमच्याकडे साठ कुठून येतात?"

"ते हवेचं तापमान. मी जमिनीचं मोजते."

"म्हणजे तुम्ही हवेत नसता? वाटत तर होतं."

मी घरी जाऊन आईसमोर पर्स आपटली. "ढग बघून रडणारी पोरगी माझ्याच वाट्याला यायची होती," आई म्हणाली, आणि मग जरा थांबून, "हा शिट्टीवाला कोण गं? दोनदा आला बोलण्यात."

पुढच्या खेपेला आकाश निळंशार. मी जवळजवळ पळतच मैदानावर आले आणि जागच्या जागी थिजले. मैदान चिंब भिजलेलं. बाह्या दुमडून, हातात पाण्याचा पाइप घेऊन तो मध्ये उभा. चेहऱ्यावर बक्षीस मिळाल्याचं हसू.

"तुम्ही... पाणी मारलंत?"

"मागच्या वेळी तुम्ही सारखा पाय बदलत होतात. म्हटलं, आज जरा गार—"

"गार!" माझा आवाज चिरकला. "मला गार नकोय! मला गरम हवंय! जसं आहे तसं, गरम!"

वर्गांच्या खिडक्यांतून मुलं खिदळली. त्याच्या हातातला पाइप त्याच्याच बुटांवर वाहत राहिला. "सांगायचं ना आधी..." तो पुटपुटला.

आठवडाभर मी धुमसत होते. आणि वैताग याचा, की धुमसताना डोळ्यांसमोर त्या दुमडलेल्या बाह्याच यायच्या.

तिसऱ्या खेपेला ढग नव्हते, पाणी नव्हतं. माझी जादा बंदूक घेऊन तो समोरच्या कोपऱ्यातून निघाला, मी इकडच्या. एकमेकांना आकडे ओरडत आम्ही पुढे सरकत होतो.

"बासष्ट!"

"नेम सरळ धरा!"

"धरलाय! तुम्ही समोर येऊ नका, हात हलतो!"

मी ऐकू न आल्याचं दाखवलं. कान मात्र तापले, आणि त्याचं खापर मी उन्हावर फोडलं.

मधोमध आम्ही समोरासमोर आलो. "पासष्ट," तो हळूच म्हणाला. मग खाली बसून त्यानं तळहात टर्फवर टेकवला... आणि झटकन मागे घेतला.

"मुलं पडतात इथे," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "गुडघे लाल होतात. मी मलम लावून सांगायचो, खरचटलं म्हणून रडायचं नसतं." त्यानं मान वर केली. "ते सगळंच खरचटणं नव्हतं ना?"

खोटं बोलावंसं वाटलं. "नाही," मी म्हणाले. "काही भाजणंही असणार."

तो उठला आणि तडक शाळेत गेला.

दोन दिवसांनी मुख्याध्यापिकाबाईंचा आमच्या ऑफिसात फोन आला, मैदानाभोवती सावली कशी करता येईल विचारायला. त्यांच्याकडूनच कळलं, त्यानं दुपारचा सराव स्वतःच बंद करायला लावला होता. धडपडून शाळेकडे आणलेली स्पर्धाही सामने दुपारी होते म्हणून सोडून दिली होती. इकडे साहेबांनी माझा नकाशा सगळ्यांना कौतुकानं दाखवला. मी बरोबर ठरले होते, आणि तोंड मात्र कडू झालं होतं. त्याचा फोन नाही, मेसेज नाही. मी लिहिलेले मेसेज मीच पुसत होते. बरं, रागवायचं तरी कुणावर?

शेवटी एका पहाटे उठले आणि गेले. मी, जिला आई पांघरूण ओढून उठवते!

कोवळ्या उन्हात मुलं मैदानाला फेऱ्या मारत होती. तो दोन्ही हातांत मैदान आखायचे प्लास्टिकचे शंकू घेऊन उभा होता. मला बघून गोंधळला.

"आज उपग्रह आहे?"

"नाही."

"मग?"

"मग काय! माणूस इतक्या सकाळी उगाच येतं का कुठे?"

"मला वाटलं, तुम्हाला माझं तोंडही बघायचं नसेल," तो म्हणाला. "मुलांना भाजत होतं आणि मी शिट्टी वाजवत होतो."

"कळल्या दिवशी थांबवलंत. हातची स्पर्धा सोडलीत. तेवढं किती जण करतात?" मी हे मऊपणानं म्हणणार होते, पण भांडल्यासारखंच निघालं.

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. हात भरलेले, म्हणून मीच काढून बटण दाबलं. नेमका स्पीकर लागला.

"काय रे, ती चिडकी आली का आज? की आजही नुसता गेटकडे बघत बसलायस?"

त्याच्या हातातले शंकू खाली पडले. "आई!"

मी फोन तोंडाजवळ धरला. "काकू, चिडकीच बोलतेय."

पलीकडून लगेच, "अगं बाई! आवाज तर गोड आहे गं तुझा!"

"अजून काय काय सांगितलंय यांनी?"

"ते त्यालाच विचार. बोलल्याशिवाय सोडू नकोस." फोन कट.

मी हाताची घडी घातली. "सांगा."

"इथे? मुलं बघतायत."

"बघू देत."

त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. "मला तुम्ही आवडता."

इतकं सरळ, इतकं साधं... माझी तयारीच नव्हती. डोळे भरून आले आणि त्याचाही राग आला.

"अहो, मग आधी नाही का बोलायचं!"

"अहो नको ना आता."

"बरं! मग तू बोलायचं होतंस ना आधी!" मी ओरडले, आणि त्या 'तू'सरशी मीच जीभ चावली.

तो हसला. मोठ्यानं, अगदी मनापासून. "आणि तू गं? तू तरी कुठे बोललीस?"

"मी? मी पहाटे उठून आले! याहून आणखी काय बोलायचं असतं?"

मुलं पळायची थांबली होती. सर आणि मॅडम भरमैदानात भांडत होते आणि दोघंही हसत होते.