पांढऱ्या टाकीपाशी डावीकडे

विषय : फायबरच्या घरगाडीवर सीबी रेडिओची (गाडीतून गाडीशी बोलण्याच्या) अँटेना निवडणे व बसवणे.
संदर्भ : आपण नवराबायकोने आज दुपारी मला विचारलेला प्रश्न.

बस ट्रेव्हिस, खुर्ची ओढ. इव्हॉन, तूही ये शेगडीजवळ. अंधार पडला की या वाळवंटात हाडं गोठतात. एकतीस वर्षं काउंटीच्या रस्ते विभागात कारकुनी केली, त्यामुळे विषय-संदर्भ सांगितल्याशिवाय मला जेवणसुद्धा मागता येत नाही. बायको होती तोवर म्हणायची, "मीठ हवंय ना नॉर्बर्ट? अर्ज कर."

तर जुन्या बाजारातून अँटेना आणलीत. दाखव. हं... साधीच आहे. ठेव खाली.

तुझी घरगाडी फायबरची. साध्या अँटेनाला बुडाशी लोखंडाचा पत्रा लागतो, त्याच्या आधारावर ती आवाज लांब फेकते. फायबरवर बसवलीस तर दुसऱ्याचं कसंबसं ऐकू येईल, तुझं कुणाला पोचणार नाही. फायबरसाठी वेगळी मिळते, बिनपत्र्याची. महाग असते.

हे सगळं मी डेल्मर स्ट्राउडलाही सांगितलं होतं. सहा हिवाळे तो इथल्या गाडीतळावर माझ्या शेजारच्या जागेवर उतरायचा. दुकानदार त्याला म्हणाला, "साठ डॉलर." डेल्मर म्हणाला, "काठीचे? झाड विकतोयस का?" जगातला प्रत्येक माणूस आपल्याला फसवायला जन्मलाय अशी त्याची खात्री होती. मग तो भंगारवाल्याकडे गेला आणि कुठल्याशा मोडक्या घरगाडीवरची साधी अँटेना दहा डॉलरला घेऊन आला. त्याचीही घरगाडी फायबरची; तिच्या मागच्या शिडीला ती आवळली. मी मीटर लावून दिलं. बोलायचं बटण दाबताच काटा थेट लाल पट्ट्यात.

"डेल, बोलणं बाहेर जातच नाहीये."

"मीटर कुणाचं? त्याच दुकानदाराचं ना? मग काटा लालच दाखवणार."

त्याला रेडिओ हवा होता बायकोसाठी. हा पुढे घरगाडी हाकायचा, व्हर्ना मागून पिकअप घेऊन यायची. अशा जोडीत पुढच्याला पुढचं दार म्हणतात, मागच्याला मागचं दार, हे तुम्हाला माहीत आहेच. वळण आलं की पुढच्यानं हाक द्यायची, "मागचं दार, आलीस का?" आणि मागच्यानं "आलेय" म्हणायचंच. उत्तर न देणं म्हणजे अपघात तरी नाहीतर भांडण तरी.

पहिल्याच आठवड्यात डेल्मर माझ्याकडे आला. चेहरा आंबट.

"नॉर्बर्ट, व्हर्ना कुणाशी तरी बोलते."

"बोलू दे की. तुझ्याशी बोलून कंटाळली असेल."

"थट्टा नको. माझ्या रेडिओवर बाकी सगळी खरखर. एकच आवाज स्वच्छ. कुणी म्हातारा. 'मागचं दार, आलीस का?' असं गोड विचारतो. आणि ही म्हणते, आलेय."

दुसऱ्या दिवशी धुण्याच्या खोलीत व्हर्ना भेटली. ती मलाच विचारू लागली, "डेलला झालंय काय हो? रेडिओवर आवाज बदलून लाडात बोलतो. विचारलं तर कबूल होत नाही. काहीतरी लपवतोय नक्की."

मी दोघांनाही काही बोललो नाही. कारकुनाला दोन्ही बाजूंचे अर्ज वाचायची सवय असते. पण रात्री माझ्या मनात आलं, लाल काट्याच्या अँटेनावरून डेल्मरची हाक जातच नाही. मग व्हर्ना इतके दिवस उत्तर देते आहे ते कुणाला?

हे मी त्यांना सांगायला हवं होतं. सकाळी उठलो तोवर दोघं निघून गेली होती.

अकरा जानेवारी, गुरुवार. आठ वर्षं झाली. संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं. पुढे डेल्मर, पाव मैल मागे व्हर्ना. पाण्याच्या पांढऱ्या टाकीवरून जाणारा रस्ता. अरुंद, दोन्हीकडे वाळू, मोठी गाडी वळवायला जागा नाही.

रेडिओ बोलला.

"मागचं दार, आलीस का?"

या वेळी म्हाताऱ्याचा आवाज नव्हता. डेल्मरचा होता. डेल्मरचे दोन्ही हात चाकावर होते. तोंड मिटलेलं.

"आलेय," व्हर्ना म्हणाली.

"पांढऱ्या टाकीपाशी डावीकडे वळ. मी वळलोय. माझे मागचे दिवे दिसतायत ना?"

खरखर नाही. काही नाही.

"हो... दिसतायत."

डेल्मर वळला नव्हता. टाकी केव्हाच मागे पडली होती. त्यानं माइक ओढला.

"व्हर्ना, तो मी नाही! सरळ ये!"

काटा लाल.

"व्हर्ना!"

काटा लाल.

आरशात दोन दिवे होते. ते मंदावले. डावीकडे वळले. मग आरशात काहीच नव्हतं.

तो गाडी तिथेच सोडून पळाला. एकाहत्तरचं वय, उजवा गुडघा कामातून गेलेला.

पुढचं व्हर्नानं मला सांगितलं, शब्द तिचेच. जुना कच्चा रस्ता. समोर दोन लाल दिवे. ते जातायत, ती मागे जातेय. आवाज म्हणतोय, ये... ये... मग दिवे थांबले. आवाज म्हणाला,

"सावकाश ये, राणी. घाई नाही."

व्हर्नानं दोन्ही पायांनी ब्रेक दाबला.

एक्केचाळीस वर्षांच्या संसारात डेल्मरनं तिला कधी राणी म्हटलं नव्हतं. सावकाश ये, असंही नाही.

"कोण आहेस तू?"

...

"कोण?"

...

समोरचे लाल दिवे खाली गेले. सावकाश. आवाज झाला नाही.

तिनं दिव्याचा झोत वर केला. पुढे सहा फूट जमीन होती. त्यापुढे नव्हती. तिथला ओढ्यावरचा पूल पुरात वाहून गेला त्याला तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती. खाली पंचवीस फूट.

कुणीतरी धापा टाकत पिकअपच्या काचेवर थापा मारल्या. व्हर्नानं काच उघडली नाही. बाहेरून ओरडणं आलं, "अगं गाढवे, एवढ्या जोरात ब्रेक? टायर बघ काय झालेत! कोण भरून देणार?"

तेव्हा कुठे ती रडली आणि तिनं दार उघडलं.

दुसऱ्या दिवशी भंगारवाल्यानं डेल्मरला खरं सांगितलं. ती मोडकी घरगाडी त्याच ओढ्यातून वर ओढून आणलेली होती. पूल गेला त्या रात्री एक म्हातारा पुढे होता. बायको मागून गाडी घेऊन येत होती. तिला वळायला उशीर झाला, ती वाचली. अँटेना डेल्मरनं त्याच ओढ्यात फेकून दिली.

आता कार्यालयीन भाग. जुन्या रस्त्याच्या तोंडाशी अडथळा बसवावा म्हणून डेल्मरनं आमच्याकडे अर्ज केला. जागेच्या पाहणीला मीच गेलो, शनिवारी सकाळी. पिकअपच्या चाकांचे ठसे कड्याच्या अलीकडे सहा फुटांवर थांबले होते. त्यांच्या पुढे, थेट कड्यापर्यंत, जोडटायरांचे रुंद ठसे होते. घरगाडीचे. डेल्मरची घरगाडी डांबरावरून खाली उतरलीच नव्हती. कड्याखाली मी स्वतः उतरून पाहिलं. गाडी नव्हती. दगड होते.

जे दिसलं ते अहवालात लिहिलं. वरून शेरा आला : "सदर ठसे कोणत्या वाहनाचे, याचा खुलासा करावा." तो करता आला नाही. खुलासा नाही म्हणून अर्जावर निर्णय नाही. मी निवृत्त झालो, फाईल दुसऱ्याकडे गेली. डेल्मर आणि व्हर्नानं घरगाडी विकली, आता पक्क्या घरात राहतात. रोज भांडतात, आनंदात आहेत.

मी मात्र दर जानेवारीत तिथे जाऊन येतो. वाळवंटात वारा आठ दिवसांत सगळं पुसून टाकतो. आठ वर्षांत मला तिथे एकही ठसा दिसला नव्हता.

उद्या तुम्ही त्याच रस्त्यानं जाणार ना? ट्रेव्हिस पुढे... आणि इव्हॉन मागून, छोट्या गाडीत.

परवा मी गेलो होतो. जोडटायरांचे ठसे होते. ताजे. त्यांच्या मागून एका छोट्या गाडीचे.

ते सहा फुटांवर थांबलेले नव्हते.

खाली उतरून पाहिलं. दगड होते. शेरीफकडे चौकशी केली. कुणीही हरवल्याची नोंद नाही.

काल कार्यालयात फोन करून विचारलं. अडथळ्याचा अर्ज अद्याप प्रलंबित आहे.