त्याचं त्याला बोलू द्या

फाट्यावर एसटीतून उतरून लुंबिनी शाळेच्या वाटेला लागली, तेवढ्यात मागून एक मोटारसायकल आली आणि तिच्याशेजारी थांबली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना करडई पिवळीधमक फुलली होती. गाडीवरच्यानं हेल्मेट काढलं. केस विस्कटलेले, डोळे मात्र हसरे...

“शा... शा...” तो म्हणाला.

“शाळा ना? सरळ जा, मारुतीच्या देवळापासून डावीकडं. पण विमा काढायला आला असाल तर आधीच सांगते, आमच्या हेडसरांनी मागच्या विमावाल्याला चहासुद्धा विचारला न्हाई.”

त्यानं नकारार्थी मान हलवली. मग तुम्ही कोण, तिनं विचारलं.

“आ... आ...”

“आकाश? आशिष? आदित्य?”

त्यानं तिचं सगळं होऊ दिलं. आणखी एखादं नाव येतंय का, याचीही वाट पाहिली. मग म्हणाला, “आनंदराज. झा... झाली तुमची यादी, का अजून हायत?”

लुंबिनीचे कान लाल झाले. तो अडखळत बोलतो हे तिला तेव्हा कळलं, आणि तो त्याबद्दल जराही लाजत नाही हेही.

लुंबिनीचं सांगायचं तर तिची जीभ तिच्याआधी धावायची. लातूरची पोरगी, शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या या जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरं वर्ष. पोरांवर जीव टाकणारी. एखादं लेकरू बोलताना अडलं की पुढचा शब्द ही हजर करणार. पोरांचंच काय, हेडसरांचं आणि पोस्टमनचंही वाक्य तीच पूर्ण करायची. मनात खोट काहीच नव्हती, फक्त दम निघत नव्हता.

आनंदराज तालुक्याचा नवा विशेष शिक्षक निघाला. ज्या मुलांना शिकताना जास्तीची मदत लागते, त्यांच्यासाठी तो गावोगाव फिरायचा. इथं तो आला होता तिसरीतल्या वर्षाराणीसाठी. पोरगी आधी अडखळत बोलायची, आणि दिवाळीनंतर बोलायचीच बंद झाली होती. तिचे वडील सिद्रामप्पा तिला दूरच्या निवासी शाळेत ठेवायला निघाले होते. एवढीशी पोर आजीला सोडून कशी राहील, या विचारानं लुंबिनीला घास गोड लागत नव्हता.

आनंदराजनं वर्गात काय केलं? काहीच नाही. वर्षाराणीशेजारी मांडी घालून बसला आणि मातीचे बैल करत राहिला. तिनं एका बैलाला शिंगं लावली, तर यानं मान डोलावली. हा पगार कशाचा घेतो, असं लुंबिनीला वाटून गेलं. शाळा सुटल्यावर तो म्हणाला, “मॅडम, घ... घरी जाऊ या तिच्या.”

“घर” हा शब्द लुंबिनीच्या ओठांवर कधीचा येऊन बसला होता. तो तिनं गिळला.

वर्षाराणीची आजी गौरम्मा ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. माहेर बिदरकडचं, भाषा कन्नड. सून वारल्यापासून नातीला तिनंच वाढवलं होतं. नात आली तशी तिनं नुसती पुढ्यातली शेंग उचलून तिच्या हातावर ठेवली. दोघी एकमेकींकडं पाहून हसल्या आणि गप्प राहिल्या. घरात बोलणं कसं चालतं, असं आनंदराजनं विचारलं, तेव्हा म्हातारीनं लुंबिनीकडं पाहिलं.

“बाई सांगितल्यात की. दोन भाषांनी पोर गोंधळतंय, घरात कन्नड बोलू नका म्हणून. मला मराठी धड येत न्हाई. मग आम्ही दोघी गपच बसतो.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. बाईंवर केवढा विश्वास... लुंबिनीला ओसरीवर बसवेना.

परतताना ती पहिल्यांदाच गप्प चालत होती. तो गाडी हातानं ढकलत बरोबर चालला होता. शेवटी तीच म्हणाली, “माझ्यामुळं झालं.”

“त... तुम्ही भल्यासाठी सांगितलं. पण दोन भाषांनी कुणी अडखळत न्हाई, मॅडम. घरची भाषा काढून घेतली, तर लेकरू बो... बोलणार कुणाशी?”

मग त्यानं लहानपणीची, चाकूरची गोष्ट सांगितली. आई दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जायची, हा बांधावर बसायचा. “मी बोलायला लागलो की आई खु... खुरपं खाली ठेवायची. माझं होईपर्यंत उचलायची न्हाई. मुकादम ओरडला तरी. कुणी मधी बोललं, तर म्हणायची, त्याचं त्याला बोलू द्या.”

लुंबिनीनं त्याच्याकडं पाहिलं. उन्हात त्याचा चेहरा तांबूस दिसत होता. असा माणूस घडवायला कसली आई लागते, असं तिच्या मनात आलं. आणि असा माणूस आपल्या शेजारून चाललाय, हेही.

दुसऱ्याच दिवशी ती एकटी गौरम्माकडं गेली, चुकले म्हणाली. म्हातारीनं तिचं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. आत वळून हाक मारली, “बारव्वा, ऊटा माडू,” आणि नात पळत जेवायला आली. लुंबिनीनं सिद्रामप्पांकडं उन्हाळ्यापर्यंतची मुदत मागितली. “बघा,” एवढंच ते म्हणाले.

मग दर शनिवारी गौरम्मा शाळेत येऊ लागली. कन्नडमध्ये गोष्टी सांगायची, पोरं मराठीत अर्थ लावायची, आणि कुणी चुकलं की वर्षाराणी मान हलवून सांगायची. वर्गात एकच नियम झाला – कुणी बोलत असेल तर त्याचं होईपर्यंत थांबायचं. पोरांना तो चटकन जमला. बाईंना जड गेला. थांबताना लुंबिनी मुठीत खडू आवळून धरायची.

“मॅडम, आ... आजपण मोडला का खडू?” आनंदराज आला की विचारायचा.

“मोडला. तुम्ही भरून देणार हाय का?”

“देतो की. पण मग तुम्ही आ... आणखी मोडाल.”

“तुम्ही बोलत बसलात तर मोडणारच.”

तो हसायचा, आणि लुंबिनी पुसलेलाच फळा पुन्हा पुसायला घ्यायची. त्याच्या येण्याच्या दिवशी ती निळी साडी नेसते, हे वर्गातल्या पोरींनी तिच्याआधी ओळखलं.

वर्षाराणी हळूहळू बोलू लागली. आधी मातीच्या बैलाशी, मग आनंदराजशी, मग शेजारणीशी. फाल्गुनातल्या एका शनिवारी तिनं सांगितलं, मला परिपाठाला बोलायचंय. गाणं घेऊ का, गाण्यात ती अडखळत नाही, असं लुंबिनीनं सुचवलं. आनंदराज म्हणाला, “तिला गा... गायचं न्हाई. सांगायचंय.”

सगळी शाळा मैदानात रांगेनं बसली. गौरम्मा पायरीवर. फाटकापाशी सिद्रामप्पा उभे होते, आत न येता. वर्षाराणीनं आजीचं कोडं आधी कन्नडमध्ये घातलं, मग मराठीत.

“खा... खातं रोज, प... प... प...”

शब्द अडला. “पोट” हा शब्द साऱ्या शाळेला दिसत होता. लुंबिनीच्या मुठीतला खडू कटकन मोडला; पण ती हलली नाही. एकही पोर हललं नाही. लिंबाखाली उभा असलेला आनंदराज तर असा पाहत होता, जणू त्याला आज दुसरं कामच नाही.

“पोट भ... भरत न्हाई. फिरतं रोज, घर सोडत न्हाई. सांगा, काय?”

“गिरणी,” एक जण म्हणाला. वर्षाराणीनं मोठ्या ऐटीत मान हलवली. “ज... जातं.”

फाटकापाशी सिद्रामप्पांनी टोपी काढून डोळे पुसले. जाताना हेडसरांना एवढंच म्हणाले, की पोरगी इथंच राहील.

दुपारी लुंबिनी लातूरच्या गाडीसाठी फाट्यावर उभी होती. आनंदराज तिला सोडायला आला आणि मोटारसायकल बंद करून तिथंच रेंगाळला. करडई आता वाळून काटेरी झाली होती. समोरून एसटी दिसली, तसा तो म्हणाला, “लुंबिनी...”

मॅडम नाही. नुसतं लुंबिनी.

“मला तु... तु... तु...”

एसटी येऊन उभी राहिली. कंडक्टरनं दार उघडलं. “बाई, येताय का?”

पुढचे सगळे शब्द लुंबिनीला ठाऊक होते. कित्येक रात्री तिनं ते मनातल्या मनात जुळवले होते. तिनं कंडक्टरला हातानंच जा म्हणून सांगितलं, खांद्यावरची पिशवी काढली आणि खाली मातीत ठेवली.

आनंदराजनं त्या पिशवीकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्याचे डोळे भरून आले. एसटी निघून गेली, धूळ खाली बसली, तरी ती त्याच्या तोंडाकडं पाहत तशीच उभी होती.

“तु... तुमच्यासोबत राहायचंय,” तो म्हणाला. “क... कायम.”

लुंबिनीनं तोंड उघडलं. एवढी बोलकी पोरगी, पण तोंडातून शब्द फुटेना. तिनं पुन्हा प्रयत्न केला. नुसतेच ओठ हलले.

“मदत करू का?” आनंदराज हळूच म्हणाला. “एखादा श... शब्द सुचवू?”

तिनं मान हलवली. डोळ्यांत पाणी, ओठांवर हसू. “थांबा की जरा... माझं मला बोलू द्या.”

तो थांबला. हातातलं हेल्मेट त्यानं खाली, तिच्या पिशवीशेजारी ठेवलं.

“व्हय,” लुंबिनी म्हणाली.