रस्त्याखालचं पाणी

सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी सकाळी एर्मेलिंदा क्वारेश्मा कोपऱ्यावरच्या कॅफेत उभ्यानंच कॉफी प्यायली, लोण्यानं थबथबलेला पाव खाल्ला, आणि हात पुसून एक कागद काउंटरवर सरकवला.

"तोमे, चष्मा घरी राहिला बघ. आज कोण कोण यायचंय, वाच बरं मोठ्यानं."

"दोना एर्मेलिंदा, तुमचा चष्मा चार महिने झाले घरीच राहतोय," तोमे म्हणाला. तोही साठीचा. "त्यालाही कधीतरी कॉफीला आणा." पण त्यानं वाचून दाखवलं. पोर्तू शहरातल्या हौशी गायकमंडळातले नऊजण, सगळे निवृत्त. प्रमुखाचं नाव लाउरिंदु.

चष्मा कुठेच राहिला नव्हता, तो पर्समध्येच होता. पण त्याचा उपयोग संपला होता. एर्मेलिंदाच्या डाव्या डोळ्यापुढे आधी दुधाच्या वाफेसारखं काहीतरी आलं, मग ते घट्ट होत गेलं. आता उजव्याचंही तेच चाललं होतं. माणसं तिला आवाजावरून कळत, दुकानं वासावरून आणि रस्ते तळपायांवरून. एकतीस वर्षं ती लोकांना लिस्बन दाखवत आली होती, आणि तेही चित्रांच्या कार्डांवरचं नव्हे. किल्ला नको, मनोरा नको, ज्या गोष्टींवरून लिस्बनचीच माणसं बेधडक पुढे निघून जातात, त्या ती दाखवायची. हे काम सुटलं तर घरात बसून करायचं काय, या विचारानं तिला डोळ्यांपेक्षा जास्त भीती वाटायची. म्हणून तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

"मावशी, आज मी पण येतेय," मागून आवाज आला. ही वांदा, तिच्या बहिणीची मुलगी. सहलीची ती चिमुकली कंपनी आता वांदाच चालवायची.

"तू कशाला? तुझी टाच दुखते ना?"

"माझ्या टाचेचं राहू दे. गेल्या आठवड्यात तू भलत्याच जर्मन लोकांना आपले समजून अर्धा तास फिरवलंस."

"खूश होते ते."

"ते बस शोधत होते, मावशी!" वांदा हसली, पण मग आवाज उतरवून म्हणाली, "आज एकदा जरी चुकलीस ना, तर सोमवारपासून ऑफिसात बसायचं. फोन घ्यायचे. ठरलं."

पोर्तूची मंडळी आली तीच गलका करत. लिस्बनवाले पोर्तूच्या लोकांना आतडीखाऊ म्हणतात आणि ते लिस्बनवाल्यांना पालेखाऊ, त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांतच जुंपली.

"काय हो बाई, या तुमच्या पालेखाऊंच्या गावात दाखवण्यासारखं आहे काय?" लाउरिंदु म्हणाला. विधुर, पोट सुटलेला, आवाज बारीक आणि धारदार.

"तुमच्या गावातून पळून आलेली चांगली माणसं दाखवते की," एर्मेलिंदा म्हणाली, आणि घोळका हसत तिच्या मागे निघाला.

तिनं त्यांना बाहुल्यांच्या दवाखान्यात नेलं. तिथे पाय तुटलेल्या बाहुल्या रांगेनं पांघरुणं घेऊन पडलेल्या असतात आणि डोळ्यांचा वेगळा खण असतो. मग हातमोज्यांच्या दुकानात नेलं. ते इतकं अरुंद, की दुसरं गिऱ्हाईक आत आलं की पहिल्यानं पोट आत घ्यायचं. लाउरिंदु तिथे अडकलाच, आणि त्याला बाहेर ओढताना बायकांनी ताल धरून गाणं म्हटलं. सगळं छान चाललं होतं. फक्त टोप्यांच्या दुकानाशी एर्मेलिंदानं थांबून "नमस्कार, सेन्योर, आज लवकर उघडलंत?" असं दारातल्या लाकडी पुतळ्याला विचारलं. मंडळींना तो विनोद वाटला, सगळे खदखदून हसले. वांदा मात्र हसली नाही.

दुपारी बारा वाजता ती बायशा या जुन्या पेठेतल्या त्या रस्त्यावर पोचली, जिथे ट्रामच्या रुळांशेजारी जमिनीत एक लोखंडी झाकण आहे. खाली रोमन लोकांनी बांधलेली भुयारं आहेत, आणि ती वर्षभर पाण्यानं भरलेली असतात. वर्षातून मोजके दिवस पंप लावून पाणी उपसतात, झाकण उघडतात आणि माणसांना आत सोडतात. लिस्बनमध्ये जन्मून लिस्बनमध्ये मेलेल्या कित्येकांनी ती पाहिलेली नाहीत.

झाकणापाशी आदेरितु होता, पंपावरचा जुना माणूस. "पिशव्या, फोन, सगळं या टोपलीत. काल एकानं फोन पाण्यात टाकला आणि त्याच्यासाठी रडत बसला. आजी गेल्यावरही एवढा रडला नसेल."

सगळ्यांनी फोन दिले. वांदानं आपला मात्र गुपचूप खिशात ठेवला.

खाली उतरल्यावर आधी गारवा लागला, मग वास आला. ओल्या दगडाचा, जुन्या चुन्याचा, आणि त्याखाली कसलातरी, लाकूड बरीच वर्षं पाण्यात राहिल्यावर येतो तसा. घोट्याएवढं पाणी. कमानींखाली पिवळे दिवे, आणि जिन्याच्या पायथ्याशी पंपाची धडधड. एर्मेलिंदाला इथे डोळ्यांची गरजच नव्हती. धडधड पाठीशी असली की आत जायचं, तोंडासमोर असली की बाहेर. एवढंच ती लक्षात ठेवायची.

दोन वळणं घेऊन ती त्यांना शेवटच्या दालनापर्यंत घेऊन आली. तिथे भिंतीत एक भेग आहे. पाणी त्यातूनच येतं, कधी थांबत नाही.

"वरच्या दुकानांमधून पूर्वी यात विहिरी सोडलेल्या होत्या," ती सांगू लागली. "लोक इथलं पाणी डोळ्यांना लावायचे. स्पेनमधल्या गालिसियाकडचे पाणके खांद्यावर लाकडी पिंपं घेऊन गल्लोगल्ली हिंडायचे. माझी पणजी सांगायची, त्यातला एक..."

दिवे गेले.

पंपाची धडधड दोनदा अडखळली आणि तीही थांबली. इतका वेळ कानात भरलेला आवाज गेल्यावर जी शांतता आली, ती कुणीतरी तोंडावर उशी दाबावी तशी होती. मग कुठूनतरी, फार लांबून, आदेरितुची हाक आली. अख्ख्या रस्त्याची वीज गेली होती.

"घाबरू नका, माझ्याकडे आहे," वांदा म्हणाली. खिसा चाचपल्याचा आवाज आला. मग 'डुबुक'.

"गेला?" लाउरिंदुनं विचारलं.

"गेला..."

कुणीतरी फिस्सकन हसलं. त्या हसण्यानं सगळ्यांना जरा धीर आला. एर्मेलिंदा तर घाबरली नव्हतीच. तिच्यासाठी फारसं बदललं नव्हतं. "एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवा," ती म्हणाली. "मी पुढे. वांदा, तू माझ्या मागे. सेन्योर लाउरिंदु, तुम्ही सगळ्यात शेवटी, म्हणजे कुठे अडकलात तर बाकीचे तरी बाहेर पडतील. आणि गा काहीतरी. गायक ना तुम्ही?"

ते गाऊ लागले. द्राक्षं तुडवताना म्हणतात तसलं एक उडतं गाणं. अंधारात ओळ हळूहळू सरकू लागली. पाणी आता घोट्याच्या वर आलं होतं. पंप बंद, म्हणजे ते चढणारच.

पहिलं वळण तिनं हातानं भिंत चाचपत बरोबर घेतलं. दुसऱ्यापाशी थांबली. वरच्या झाकणातला उजेड इथवर पोचत नव्हता. एका बाजूला जिना आणि दुसऱ्या बाजूला बुटकी कमान, आणि त्या कमानीखाली जमीन खचलेली. तिथे पुरुषभर खोल पाणी होतं. एरवी त्या कमानीला साखळी असते. पण आज ती लावलेली आहे की नाही, हे तिनं पाहिलंच नव्हतं. पाहणार कशी? पंपाचा आवाज नव्हता. गाणं चहूबाजूंनी घुमत होतं. डावीकडे की उजवीकडे? एकतीस वर्षांत पहिल्यांदाच तिच्या पायांना उत्तर येईना.

पाणी पोटरीला लागलं.

"मावशी..." वांदा तिच्या कानाशी कुजबुजली. "खर्जात कोण गातंय?"

एर्मेलिंदानं कान दिला. आठ-नऊ पातळ, म्हातारे आवाज. आणि त्यांच्या खाली, दगडातून निघाल्यासारखा, एक जाड, संथ आवाज. सूर बरोबर होता, शब्द मात्र वेगळे होते. "पाणी... गार पाणी..."

गाणं एकेक करून थांबत गेलं. तो आवाज सर्वांत शेवटी थांबला.

मग ठोक... ठोक... पोकळ लाकूड दगडाला लागावं तसं. आणि कुणीतरी पाण्यातून, घाई न करता, समोरून चालत आलं.

एर्मेलिंदाच्या कोपराला हात लागला. गार, ओला, तळव्याला घट्टे पडलेला. तिनं डावा पाय उचलला होता. हातानं तिला अलगद मागे घेतलं.

"तिकडे नको, बाई... तिकडे खोल आहे."

"आभारी आहे, सेन्योर लाउरिंदु," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"काय म्हणालात?" ओळीच्या अगदी टोकाकडून, लांबून, लाउरिंदुचा बारीक आवाज आला.

वांदाची बोटं तिच्या खांद्यात रुतली. एर्मेलिंदाला ओरडायचं होतं, पण ओरडली असती तर मागची नऊ माणसं सैरावैरा धावली असती, आणि कमान तर हातभर अंतरावर होती. तो जवळ झुकला. ओल्या लाकडाचा वास आला.

"डोळे जड झालेत तुमचे..." तो म्हणाला. त्यात कीव नव्हती. ओझं किती आहे ते हमाल पाहतो, तसं तो म्हणाला. आणि पाण्यानं भरलेला एक तळवा तिच्या उजव्या डोळ्यावरून फिरला, मग डाव्या. पाणी इतकं थंड होतं, की तिच्या दातांपर्यंत कळ गेली.

मग कोपरावरचा हात सुटला. आणि उजवीकडे तिला राखाडी उजेडाचा एक चौकोन दिसला. त्यात खाली येणारा जिना. त्याच्या कडेचा गंजलेला एकेक खिळा.

"उजवीकडे," ती म्हणाली. "चला. गात चला, थांबलात कशाला?"

ते वर आले तेव्हा उन्हात सगळे एकदम बोलू लागले. एक बाई रडत होती आणि हसतही होती. आदेरितु टोपी हातात घेऊन उभा होता. "साखळी मी लावली नव्हती, दोना एर्मेलिंदा," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "सकाळी साफ करायला काढली ती... डावीकडे वळला असता तर..."

"वळलो नाही ना? मग झालं." एर्मेलिंदानं त्याच्याकडे निरखून पाहिलं. "आदेरितु, तू मिशी काळी करतोस?"

"आठ वर्षं झाली," तो ओशाळून म्हणाला.

"शोभत नाही तुला."

तिला ट्रामचा नंबर दिसला, कबुतरांचे गुलाबी पाय दिसले, चौथ्या मजल्यावर वाळत घातलेल्या पायजम्याचं तुटलेलं बटण दिसलं. तिनं वांदाचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "तुझ्या नाकावर एवढे वांग कधी आले गं? आणि तू दमलेली दिसतेस. मला वाटायचं, तुझा आवाजच तसा आहे."

वांदाला सगळं कळलं. मावशीचे डोळे गेलेत, हे तिला आधीपासूनच माहीत होतं. ती तिथेच, रुळांच्या कडेला, मावशीच्या गळ्यात पडली. "चल, ऑफिसात नाही बसवत तुला," ती म्हणाली. "कुणालाच नाही बसवत." मागून ट्रामनं घंटा मारली, कारण दोघी वाटेत उभ्या होत्या.

लाउरिंदुनं सगळ्यांना चेरीची दारू पाजली. रस्त्याच्या कडेला उभ्यानं, बिया तोंडात घोळवत, ते भरपूर प्यायले. "एक सांगा बाई," तो शेवटी म्हणाला, "तो खर्जवाला पालेखाऊ तुम्ही कुठे लपवला होता? माझ्या मंडळात घेतो त्याला. चार वर्षं शोधतोय असा आवाज."

"त्याचं काम जास्त आहे," एर्मेलिंदा म्हणाली, आणि सगळे हसले. ती जरा उशिरा हसली.

मंगळवारी वांदानं तिला ओढतच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर वालेरिया पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी यंत्रातून बराच वेळ पाहिलं. मग पुन्हा पाहिलं.

"दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे," त्या म्हणाल्या. "तोही पूर्ण पिकलेला. यातून तुम्हाला खिडकी कुठे आहे एवढंच कळायला हवं."

"खिडकीबाहेर त्या पिवळ्या घराच्या गच्चीत एक मांजर आपलं शेपूट चाटतंय," एर्मेलिंदा म्हणाली.

डॉक्टरांनी खिडकीतून पाहिलं. मग भिंतीवरच्या तक्त्याचा दिवा लावला. एर्मेलिंदानं वरपासून वाचायला सुरुवात केली. मोठी अक्षरं, मग लहान, मग मुंगीएवढी. वांदा कौतुकानं टाळ्या वाजवायच्या बेतात होती.

"शेवटच्या ओळीपर्यंत वाचलंत," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनाही हसू आलं होतं. "कसं ते मला सांगता येणार नाही, पण अभिनंदन."

"ही शेवटची कुठे? हिच्याखाली आणखी एक आहे ना," एर्मेलिंदा म्हणाली. "हातानं लिहिलेली."

"तिथे काही नाही, दोना एर्मेलिंदा."

पण ती वाचू लागली होती. एकेक अक्षर, मध्ये थांबत थांबत. डॉक्टरांच्या हातात पेन होतं, त्यांनी सवयीनं ते कागदावर उतरवून घेतलं. पाच अक्षरं झाली. त्यांनी कागदाकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला.

"हे नाव..." त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या. "या नावानं मला फक्त माझी आई हाक मारायची. ती आता कुठेच उरलेली नाही."

एर्मेलिंदा भिंतीकडे पाहत होती.

"थांबा, डॉक्टर," ती कुजबुजली. "पेन खाली ठेवू नका... तिचं लिहून झालेलं नाही अजून."