माळवदावरची माती

खोटं वाटलं तर खुशाल हसा. पण यातला एक शब्दही पदरचा नाही.

मोगलाई होती, म्हणजे निजामाचं राज्य. १९४१ सालचा वैशाख, आणि ताडकळसचं रेवणप्पाचं घर. घडीव दगडाची कमान, सागवानी खांब, वर मातीचं जाड माळवद. माजघराला खिडकी नाही. उजेडासाठी छतात वीतभर भोक ठेवलेलं, त्याला सवणं म्हणायचे.

घर बांधलं होतं थोरल्या भावाने, ईश्वरअप्पाने. तो अंथरुणाला खिळला तसं रेवणप्पाने त्याला मळ्यातल्या छपरात नेऊन टाकलं. तिथेच तो गेला. लिंगायतांच्या रीतीने त्याला मळ्यातच मांडी घालून बसवून पुरलं.

पावसाआधी माळवदावर नवी पांढरी माती टाकायची होती. रेवणप्पाने ती मळ्यातून काढायला लावली.

समाधीवरची.

"मालक, हितली नगं," गडी आश्रुबा काकुळतीला आला. "थोरले अप्पा बसलेत हितं."

"मेलेल्याला काय कळतंय? भर गाड्या!"

दोन गाड्या माती माळवदावर पडली.

तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, रेवणप्पा माजघरात जेवत होता. बायको चन्नबसम्मा वाढत होती.

सवण्यातला उजेड गेला...

वर तुळई करकरली. कुणीतरी दमून बसावं तशी.

चन्नबसम्मा धावत माळवदावर गेली. वर कुणी नव्हतं. ऊन नुसतं रणरणत होतं.

ती खाली आली तर... माजघरात अंधारच.

ताटात चिमूटभर माती पडली. रेवणप्पा बाजूला सरकला. माती तिथेही पडली.

"अवो, पाया पडते तुमच्या. ती माती परत नेऊन टाका. लय भ्या वाटायलंय मला."

"घर माझं हाय! कुणी बी येऊ दे, मी हलत न्हाई!"

पालथ्या घड्यावर पाणी. ती आश्रुबाला हाक मारायला उंबऱ्यापर्यंत गेली...

मागे धप्प झालं.

गावाने माजघरात भरलेली माती उपसली. वर तुळया शाबूत होत्या, एक फळी मोडली नव्हती. वीतभर सवण्यातून दोन गाड्या माती आली कशी, कुणाला सांगता येईना.

रेवणप्पा मातीत ताठ बसलेला सापडला. मांडी घालून. पुरताना त्याला वेगळं बसवावं लागलं नाही.

चन्नबसम्मा नवऱ्यासाठी खूप रडली. पण मरेपर्यंत ती एकच सांगायची, "आत दोघं व्हते. एक गुदमरला... आन् दुसऱ्यानं सुस्कारा सोडला. निवांत."

तो आवाज ओळखीचा होता का, हे आम्ही तिला कधी विचारलं नाही. धीरच झाला नाही.